तीन अक्षरांमागचा माणूस

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरात मराठी बोलते, पण मराठीत निबंध शेवटचा लिहिला तो दहावीत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

'व्ही इज इक्वल टू आय आर'. हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ओरलला सर काहीच सुचलं नाही की हेच विचारतात. पण हा नियम ज्यांनी शोधला ते जॉर्ज सायमन ओहम कोण, कुठले, काय करायचे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. सेमिनारसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा बाकीच्यांना रोबोटिक्स, सोलर वगैरे झकास विषय आले आणि मला आला ओहमचं चरित्र! मी वैतागले होते. मे महिन्यात मामाकडे गेले तेव्हा लायब्ररीची पुस्तकं बॅगेत कोंबली, एवढंच.

सातारा जिल्ह्यात मामाचं गाव आहे. मामाकडे एक जुना बॅकहो लोडर आहे, म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेला ट्रॅक्टर. कंपनी कोणतीही असो, गावात त्याला जेसीबीच म्हणतात. मामाने तो सेकंडहँड घेतला, बँकेचे हप्ते चालू आहेत. पावसाच्या आधीचे दिवस म्हणजे शेततळी, बांध, विहिरीचा गाळ, असा कामाचा खरा सीझन. आणि नेमकं तेव्हाच मशीन सेल्फ घेईना. चावी फिरवली की टक्क आवाज यायचा, इंजिन कण्हत एक-दोन फेरे घ्यायचं आणि बसायचं. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी, ढकलून चालू करायची सोय नाही. मामाने नवी बॅटरी टाकली, सेल्फ उघडून दुरुस्त करून आणला. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

भाची इलेक्ट्रिकलला आहे म्हटल्यावर मामाने मोठ्या विश्वासाने मला पुढे केलं. खरं सांगते, मी तोवर बोनेटमध्ये कधी हात घातला नव्हता. मल्टिमीटर बझरवर टाकून एकेक केबल तपासली. सगळीकडे पीं पीं! कुठेही तुटलेलं नाही. माझ्या हिशोबाने सर्किट पास आणि मामाच्या अंगणात मशीन नापास. ऑपरेटरदादा काही बोलले नाहीत, पण त्यांचा रोज बुडत होता हे मला कळत होतं. रात्री झोप येईना म्हणून ओहमचं पुस्तक उघडलं.

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीत एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील शाळेत फारसे गेले नव्हते, पण स्वतःच्या हिमतीवर गणित, विज्ञान, तत्त्वज्ञान शिकले होते आणि तेच त्यांनी जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांना घरी शिकवलं. मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. कुलपं करणाऱ्या माणसाच्या घरी दोन शास्त्रज्ञ!

पण म्हणून जॉर्ज लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसणारा होता असं समजू नका. 1805 साली तो एर्लांगेन विद्यापीठात गेला आणि आपल्यासारखाच 'कॉलेज लाइफ' एन्जॉय करू लागला. नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच वेळ जायचा. वडील भडकले. आपल्याला मिळाली नाही ती संधी पोरगा उधळतोय हे त्यांना सहन झालं नाही. शिक्षण अर्धवट सोडून जॉर्जला स्वित्झर्लंडला जावं लागलं, एका शाळेत गणित शिकवायला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलाएवढा.

तिथे मात्र त्याचं डोकं ठिकाणावर आलं असावं. शिकवता शिकवता त्याने ऑयलर, लाप्लास यांचं गणित स्वतःच वाचून काढलं. 1811 साली एर्लांगेनला परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली. वय वर्षं 22.

आता गाडी सुसाट सुटेल असं वाटतं ना? तसं झालं नाही. विद्यापीठात तीन सत्रं शिकवून पाहिलं, पण पोट भरेना आणि बढतीची आशाही दिसेना. मग 1813 मध्ये बाम्बर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी धरली. ती शाळा 1816 मध्ये बंद पडली. त्यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाला पाठवलं. त्याचा उपयोग झाला. 1817 मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली. या शाळेत एक गोष्ट होती जी आधी कुठेच नव्हती : चांगली लॅब!

तो काळ कसा होता बघा. व्होल्टाने बॅटरी 1800 साली दाखवली होती. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे ओरस्टेड यांनी 1820 मध्ये दाखवलं. म्हणजे प्रवाह मोजायची वाट नुकती सापडली होती. पण मोजायचं नक्की काय, हेच ठरलेलं नव्हतं. व्होल्ट, अँपिअर ही एककंच नव्हती. ओहम हे एकक तर कुठून असणार! आपल्याला शंभर-दोनशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. ओहम यांना आधी मीटर बनवावा लागला. कुलपं करणाऱ्या बापाकडून हातात आलेलं कसब इथे कामी आलं. उपकरणं त्यांनी स्वतः तयार केली.

1825 मध्ये त्यांनी पहिला लेख छापला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडायच्या आणि प्रवाह किती कमी होतो ते बघायचं, असा प्रयोग होता. त्यातून एक सूत्रही काढलं, त्यात लॉगरिदम होता. आणि ते सूत्र चुकीचं होतं!

चुकलं कुठे? तारा ठीक होत्या, माणूसही काळजीने काम करणारा होता. पण बॅटरी दगा देत होती. त्या काळच्या बॅटरीचा जोर सर्किट जोडल्याबरोबर खाली यायचा, मिनिटामिनिटाला बदलायचा. वीज पुरवणारी वस्तूच डळमळीत असेल तर तारेबद्दल काय कळणार? ज्या मासिकात लेख छापून येत त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं की बॅटरीऐवजी थर्मोकपल वापरा. दोन धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की वीज तयार होते, हा सीबेक यांनी 1821 मध्ये लावलेला शोध तेव्हा नवीनच होता. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणजे विजेचा जोरही हलत नाही. किती सोपी युक्ती!

इथे मी पुस्तक मिटलं. मामाच्या मशीनमध्ये मीसुद्धा थेट वायरीच तपासत सुटले होते. बॅटरी नवी आहे म्हणून ती चांगलीच असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

सकाळी पहिल्यांदा बॅटरी मोजली. नुसती उभी असताना 12.6 व्होल्ट. मग बकेट जमिनीवर टेकवली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायची स्टॉप केबल ओढून ठेवली. दादांनी सेल्फ मारला. बॅटरीच्या टोकांवर 10.9 व्होल्ट. सेल्फ एवढा करंट ओढत असताना हे ठीकच आहे. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग सेल्फवर काय पोचतं ते पाहिलं, तर 8.2! मधले 2.7 व्होल्ट गेले कुठे? मिस्त्रीकाका म्हणाले, वायरिंग जुनं आहे, सगळं बदलून टाका. मामाचा चेहरा उतरला. सगळं हार्नेस बदलायचं म्हणजे पैसे तर आहेतच, पण सीझनचे किती दिवस जातील!

पुन्हा ओहमकडे वळू. 1826 मध्ये त्यांनी एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वात छोटी 2 इंच, सर्वात मोठी 130 इंच. एकेक तार सर्किटमध्ये घालायची. वर एक लोहचुंबकाची सुई बारीक पट्टीला टांगलेली. प्रवाहाने सुई वळली की वरचं टोक पिळून ती परत जागेवर आणायची. किती पिळावं लागलं, तेवढा प्रवाह. असं पुन्हा पुन्हा केलं आणि आकड्यांमधून सूत्र बाहेर आलं. ओहम यांची अक्षरं वेगळी होती, मी मराठीत लिहिते :

प्रवाह = अ ÷ (ब + ल)

'अ' म्हणजे वीज ढकलणारा जोर. 'ल' म्हणजे आपण जोडलेल्या तारेची लांबी. आणि 'ब'? 'ब' म्हणजे बाकी सगळं. थर्मोकपलचा स्वतःचा विरोध, जोड, स्क्रू, जे काही त्या वाटेवर आहे आणि जे आपण मुद्दाम जोडलेलं नाही ते. आपल्या पुस्तकातल्या सूत्रात हा 'ब' दिसत नाही, तो 'आर'च्या पोटात गेलाय. पण मला वाटतं ओहम यांची खरी हुशारी त्या 'ब'मध्ये आहे. डोळ्यांना तार दिसते. न दिसणारा विरोधसुद्धा हिशोबात धरायचा, हे त्यांनी शिकवलं. वाट एक असेल तर पूर्ण सर्किट एकच, आणि त्यातला सगळा विरोध एकत्र मोजायचा.

मामाच्या मशीनमध्ये मला हा 'ब' शोधायचा होता. आणि तो बझरवर का सापडला नाही तेही तेव्हाच लक्षात आलं. समजा सेल्फ 300 अँपिअर ओढतोय. 2.1 व्होल्ट पडायला विरोध किती हवा? भागाकार करा : 0.007 ओहम. आपल्या साध्या मीटरच्या वायरींचाच विरोध याच्या कितीतरी पट असतो, त्याला हे दिसणारच नाही. दहा बारा धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असला तरी बझर वाजतो. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे. ज्या तुकड्यावर व्होल्ट पडतील, तिथेच विरोध.

दादा सेल्फ मारत होते, दर वेळी काही सेकंदच, आणि मी मीटरची टोकं पुढे सरकवत होते. बॅटरी प्लसपासून सेल्फपर्यंत फक्त 0.3 व्होल्ट. म्हणजे ती बाजू चांगली. मग परतीची वाट, जिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. बॅटरीच्या मायनस टोकापासून केबलच्या क्लॅम्पपर्यंत 0.1. क्लॅम्पपासून चासीपर्यंत 0.2. आणि चासीपासून इंजिनपर्यंत 2.1!

इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्यामुळे चासी आणि इंजिन जोडायला एक विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती खाली, ऑइल आणि मातीच्या थराखाली होती. साफ केल्यावर दिसलं की मागे कधीतरी इंजिन उघडून रंगवलं तेव्हा रंगावरच पट्टी बसवून बोल्ट आवळला होता. वर गंज, आत पट्टीचे अर्धे धागे हिरवे होऊन तुटलेले. सेल्फ मारल्यावर मी तिथे बोट लावलं आणि झटकन काढलं, एवढं तापलं होतं. तापणारच. 2.1 व्होल्ट गुणिले 300 अँपिअर म्हणजे 630 वॅट त्या एका जोडात!

आणि ओहम यांचं पुढे काय झालं? ते वाचून मात्र मला वाईट वाटलं. 1826 मध्ये त्यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि बर्लिनला भावाच्या गावी जाऊन सगळं गणितात मांडलं. 1827 मध्ये ते पुस्तक बाहेर आलं. त्याच्या जोरावर एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल ही त्यांची आशा होती. पण जर्मनीत तेव्हा फिजिक्स शिकवणाऱ्यांना एवढं गणित रुचत नव्हतं. काहींना ते कळलं नाही, काहींनी जाहीर टीका केली, बऱ्याच जणांनी दुर्लक्ष केलं. 1828 मध्ये ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. त्यानंतरची काही वर्षं बर्लिनमध्ये थोडेसे तास गणित शिकवून काढली. चाळिशीतला माणूस, हातात जगाच्या कामाचा शोध आणि कायम नोकरी नाही! 1833 मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या या मोठ्या माणसाने डिप्लोमाच्या मुलांसारख्या मुलांना शिकवण्यात बरीच वर्षं घालवली, आणि मन लावून शिकवलं. 1839 मध्ये ते तिथले प्रमुख झाले.

हळूहळू वारं फिरलं. 1831 मध्ये फेक्नर यांनी भरपूर प्रयोग करून ओहम बरोबर आहेत असं दाखवलं. मग तारयंत्रं आली. मैलोन्‌मैल वायर टाकायची तर पलीकडे किती प्रवाह पोचेल याचा हिशोब आधीच हवा, आणि तो हिशोब ओहम यांच्याच सूत्रात होता. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं. स्वतःच्या देशात मात्र विद्यापीठाचं प्राध्यापकपद मिळायला 1852 साल उजाडलं, म्युनिकमध्ये. तेव्हा ते 63 वर्षांचे होते. 6 जुलै 1854 रोजी ते गेले. लग्न केलं नव्हतं. तरुणपणी पाहिलेलं स्वप्न मिळालं ते फक्त दोन वर्षं.

एक गंमत सांगते. इंग्लंडच्या कॅव्हेंडिश यांनी ओहम यांच्या कितीतरी आधी, 1781 च्या सुमारास, हाच नियम जवळजवळ शोधला होता. मीटर नव्हता म्हणून ते स्वतःच्या अंगाला शॉक देऊन तो किती बसतो ते बघायचे! पण त्यांनी ते छापलंच नाही. मॅक्सवेल यांनी 1879 मध्ये त्यांच्या वह्या प्रसिद्ध केल्या तेव्हा जगाला कळलं. ओहम यांनी छापलं, आधी चुकीचं आणि मग बरोबर, दोन्ही उघडपणे. 1881 मध्ये पॅरिसला विद्युत परिषद भरली. तिथे विरोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं.

आता मशीनचं सांगते. बॅटरीची मायनस केबल आधी काढली. गॅरेजमधून नवी पट्टी आणली. बोल्टच्या जागेवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं : चासी ते इंजिन 0.1 व्होल्ट. स्टॉप केबल सोडली, दादांनी चावी फिरवली आणि मशीन एका दमात चालू! मामाने काही न बोलता माझ्या पाठीवर थाप मारली, हात ग्रीसचा होता, ड्रेस गेला!

मग पुढचे दोन दिवस मिस्त्रीकाकांबरोबर बाकीचं वायरिंग बघितलं. सगळं उपटून काढलं नाही. एका वेळी एकच वायर सोडायची, तिला चिठ्ठी लावायची, बदलायची, तपासायची, मगच दुसरी. मागच्या लाइटचा जोड नुसता पीळ देऊन टेप मारलेला होता, आत तांबं काळं पडलं होतं. तो चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवीन लग दाबून बसवला. एका फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली सापडली. ती मात्र बघून मिस्त्रीकाकाच हबकले. फ्यूज उडाला तर पाच मिनिटं जातात, तार तापून पेटली तर मशीनच जातं.

सेमिनार झाला. सरांनी विचारलं की एवढ्या जुन्या माणसाचा आज काय उपयोग. मी ग्रीस लागलेली ती जुनी पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळी गोष्ट सांगितली. मार्क बरे मिळाले. पण मला त्याहून जास्त आनंद मामाच्या फोनने झाला. मशीन पाऊस पडेपर्यंत रोज कामावर होतं आणि हप्ता वेळेवर गेला.

ज्युनिअर्सना एवढंच सांगते : 'आर' लिहिताना त्याच्या पोटातला 'ब' विसरू नका. आणि बदलण्याआधी मोजा.

– टी. ई. इलेक्ट्रिकल